टायगर्स नेस्ट शेवटी ठेवा
भूतानच्या सावकाश प्रवासाबद्दल नागपूरच्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

आम्ही दोघं नवरा-बायको, वय ६१ आणि ५७. दिवाळीनंतर भूतानला जायचं ठरतंय. टूर कंपनीनं दिलेला कार्यक्रम असा: पहिली रात्र सीमेवरचं फुन्शोलिंग, मग थेट पारो, तिसऱ्या दिवशी टायगर्स नेस्ट, पुढे थिंफू, पुनाखा, फोबजिखा आणि परत फुन्शोलिंग. एकूण सहा रात्री. जमेल का? (प्रतापनगर)

जमेल, पण दमछाक होईल आणि त्यातला निम्मा देश गाडीच्या काचेतून दिसेल. आधी गाडीतले तास मोजा. फुन्शोलिंग ते पारो पाच तास, पारो ते थिंफू दीड, थिंफू ते पुनाखा तीन, पुनाखा ते फोबजिखा आणखी तीन, आणि फोबजिखाहून फुन्शोलिंगला उतरायला पूर्ण दिवस. सहा रात्रींत बावीस-तेवीस तास वळणावळणाच्या घाटरस्त्यात जातात. नकाशावर पंचाहत्तर किलोमीटर दिसले की नागपूरकराला वाटतं, वर्ध्याला जाण्याएवढं अंतर. तिथं त्याच अंतराला तीन तास लागतात.

दुसरी चूक क्रमाची आहे, आणि ती जास्त महागात पडते. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे, फुन्शोलिंगही साधारण तेवढंच. पारो सव्वादोन हजार मीटरवर, टायगर्स नेस्ट म्हणजे ताक्त्सांग मठ ३,१२० मीटरवर. घाटातून येऊन एक रात्र झोपलात आणि सकाळी त्या चढावर उभं राहिलात, तर शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही सत्तर टक्केच. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस समजतो की आपलं वय झालं. खरं तर चूक वेळापत्रकाची असते.

आमचा सल्ला असा: फोबजिखा गाळा आणि रात्री वाढवा. पहिली रात्र सीमेच्या अलीकडे जयगावला, मग थिंफू दोन, पुनाखा दोन, पारो तीन. थिंफू २,३०० मीटरच्या आसपास आहे, पुनाखा त्याहून हजारभर मीटर खाली. तिथल्या दोन रात्री छान झोप लागते. पारोतल्या तीनपैकी मधला दिवस ताक्त्सांगचा. पाऊस किंवा धुकं असलं तर चढ पुढच्या दिवसावर ढकलता येतो, आणि नसलं तर तो दिवस पायांना विश्रांतीचा.

फोबजिखा सोडायला जीव होत नसेल, तर तिथं एक नव्हे, दोन रात्री द्या. तिबेटच्या पठारावरून येणारे काळ्या मानेचे क्रौंच ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत त्या दरीत असतात, आणि ११ नोव्हेंबरला गांगते मठाच्या अंगणात त्यांचा उत्सव असतो. मठापासून दरीत उतरणारी पायवाट दोनेक तासांची, बहुतेक उताराची, पाइनच्या रानातून जाणारी. साठीतल्या माणसाला याहून सुखाची वाट भूतानमध्ये सापडणं कठीण. फक्त दरी तीन हजार मीटरच्या जवळ आहे, नोव्हेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो. खोलीत शेगडी किंवा हीटर आहे का, हे बुकिंगच्या आधीच विचारा.

कागदपत्रं कोणती लागतात? आधार कार्ड चालेल का? आणि भूतान रोजचे पैसे घेतं म्हणतात, ते किती? (महाल)

आधार चालत नाही. दोनच गोष्टी चालतात: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र. ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरशः जुळायला हवं. एकीकडे माहेरचं आडनाव आणि दुसरीकडे सासरचं, हा घोळ फार होतो. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला लागतो. तो इंग्रजीत असावा. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर महापालिकेतून नवीन काढायला वेळ ठेवा. परमिटचा अर्ज निघण्याआधीच ऑनलाइन भरा, म्हणजे सीमेवरच्या रांगेत सकाळ वाया जात नाही.

रोजच्या पैशांना तिथं शाश्वत विकास शुल्क म्हणतात. भारतीयांना ते माणशी, दर रात्री १,२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना नाही. वर सुचवलेल्या कार्यक्रमात भूतानमधल्या सात रात्री होतात, म्हणजे माणशी ८,४०० आणि दोघांचे १६,८००. टूर कंपनीच्या आकड्यात हे धरलं आहे की नाही, लेखी विचारा. मठ आणि झोंग (किल्लेवजा मठ) यांचं प्रवेशशुल्क, गाईड, गाडी आणि घोडा हे वेगळे असतात. स्वस्त दिसणाऱ्या पॅकेजमध्ये नेमकं हेच वगळलेलं असतं.

नागपूरहून जायचं कसं? विमानच घ्यावं लागेल का? (मानेवाडा)

रेल्वेनं उत्तम जाता येतं. गीतांजली किंवा हावडा मेलनं हावड्याला, तिथून शहर ओलांडून सियालदह, आणि संध्याकाळची कांचनकन्या एक्स्प्रेस धरून दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा हासीमारा. हासीमाराहून जयगाव वीसेक किलोमीटर. हावडा आणि सियालदह ही दोन वेगळी स्टेशनं हुगळीच्या दोन काठांवर आहेत. दोन गाड्यांमध्ये निदान पाच तास ठेवा, कारण नागपूरकडून जाणाऱ्या गाड्या उशिरा पोचणं नवीन नाही.

विमानानं कोलकात्याहून पारोला जाता येतं. पारोचं विमानतळ अरुंद दरीत आहे. तिथं वैमानिक डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून आणि दिवसाउजेडीच उतरतात. त्यामुळे ढग दाटले की विमान उशिरा सुटतं किंवा रद्द होतं. पारोहून परतल्यावर कोलकात्यात एक रात्र मोकळी ठेवूनच नागपूरचं तिकीट काढा. विमानानं जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी पारोत न थांबता सरळ थिंफूला जावं, आणि पारो शेवटी.

खिडकीतून देश पाहायचा असेल तर जाताना रस्ता आणि येताना विमान, हा मेळ सर्वांत छान. तीनेकशे मीटरपासून वर चढत जाताना साल, मग ओक, मग पाइन असं रान बदलत जातं, आणि शरीरालाही तेवढी उसंत मिळते.

माझं वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू आहे, उजवा गुडघा कुरकुरतो. नागपुरात चढ कुठेच नाही. सराव करायचा तर कसा? (खामला)

चढ नाही, पण जिने आहेत, आणि जिन्याचा हिशोब सोपा असतो. एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे चौथ्या मजल्यापर्यंत एकदा चढलं की बारा मीटर. ताक्त्सांगच्या पायथ्यापासून मठापर्यंत चढ साधारण ५२० मीटर. चार मजल्यांच्या त्रेचाळीस फेऱ्या झाल्या. एका दिवसात एवढं कधीच करायचं नाही, पण लक्ष्य काय आहे ते कळतं.

बारा आठवडे हाताशी ठेवा. पहिले चार आठवडे फक्त चालणं: आठवड्यातून चार दिवस, अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूला, तासाभरात साडेचार-पाच किलोमीटर. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला निघा. पाचव्या आठवड्यापासून त्यातले दोन दिवस जिन्याचे. सुरुवात पाच फेऱ्यांनी, दर आठवड्याला दोन फेऱ्या वाढवा, पंधरावर थांबा. नवव्या आठवड्यापासून पाठीवर तीन-चार किलोची पिशवी घ्या. शेवटच्या महिन्यात एकदा रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, आणि शक्य असेल तर एकदा पचमढी. चौरागडच्या पायऱ्या तेराशेच्या घरात आहेत. विदर्भातली माणसं महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन त्या चढतात. तिथं दम न लागता चढून उतरलात आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही, तर ताक्त्सांग तुमच्या आवाक्यात आहे.

गुडघ्याचा खरा कस उतरताना लागतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत भार झेलतो. तो दमला की प्रत्येक पावलाचा धक्का सरळ सांध्यावर बसतो. म्हणून जिना चढून लिफ्टनं खाली येऊ नका. उतरणं हाच सराव आहे. हळू, एकेक पायरी, धाडकन पाय न टाकता. दोन काठ्या घ्या, एक नव्हे. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी लांबी, उतारावर त्याहून पाच-दहा सेंटिमीटर जास्त. काठी आधी, पाय नंतर.

बुटांबद्दल दोन गोष्टी. संध्याकाळी, जाड मोजे घालून, अर्धा नंबर मोठे घ्या. नाहीतर उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. आणि माळ्यावर पाच-सहा वर्षं ठेवलेले जुने ट्रेकिंगचे बूट नेऊ नका. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत आतून कुजतो, बाहेरून ठीक दिसतो आणि चढावर तुकड्यातुकड्यांनी सुटतो.

रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही. उंचीवर पहिले काही दिवस दाब थोडा वाढू शकतो, आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर शरीर लवकर कोरडं पडतं. दोन्ही गोष्टी निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नाही.

टायगर्स नेस्टचा दिवस नेमका कसा असतो? घोडा मिळतो का? वर मोबाईल नेऊ देत नाहीत हे खरं का? (धरमपेठ)

पायथ्याला, म्हणजे साधारण २,६०० मीटरवर, सकाळी साडेसात-आठला पोचा. मठ दुपारी एक ते दोन बंद असतो. दहाला निघालेली माणसं नेमकी त्या वेळेला दाराशी पोचतात आणि घामेजल्या अंगानं थंडीत तासभर बसतात.

पहिला टप्पा कॅफेटेरियापर्यंत, पाइनच्या रानातून सतत चढ, सव्वा तास. बिघडतं ते इथंच, पहिल्या अर्ध्या तासात. उत्साहात माणूस घरच्या वेगानं चालतो, धाप लागते, आणि मग ती उतरतच नाही. बोलताना वाक्य पूर्ण करता येत नसेल तर वेग जास्त आहे. घोडा मिळतो, पण फक्त चढताना आणि कॅफेटेरियाच्या आसपासपर्यंत. उतरताना घोड्यावर बसू देत नाहीत, कारण तीव्र उतारावर स्वार पुढे फेकला जातो. म्हणजे घोडा केला तरी गुडघ्याची परीक्षा चुकत नाही. ज्यांना मठ समोरून पाहूनच समाधान आहे, त्यांनी कॅफेटेरियात चहा घेऊन परत फिरावं. तिथून दिसणारं दृश्यही पोटभर आहे.

दुसरा टप्पा कड्यासमोरच्या जागेपर्यंत, पाऊण ते एक तास. इथं मठ हाकेच्या अंतरावर दिसतो आणि पोचलोच असं वाटतं. पण मध्ये खोल घळ आहे. शेकडो पायऱ्या खाली उतरायच्या, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा आणि पुन्हा वर चढायचं. परततानाही तेच, म्हणजे दमलेल्या पायांनी एक चढ शिल्लक असतो. तेवढी शक्ती राखून ठेवा. पायऱ्यांना कठडा आहे. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी भिंतीच्या बाजूनं चालावं.

दाराशी बॅग, मोबाईल, कॅमेरा, काठ्या सगळं ठेवावं लागतं. पाणीही बाहेरच राहतं, म्हणून आत जाण्याआधी पिऊन घ्या. बूट काढावे लागतात आणि आतली फरशी बर्फासारखी असते. जाड लोकरी मोज्यांची कोरडी जोडी खिशात ठेवा. अंगाला चिकटलेला ओला सुती टी-शर्ट इथं सर्वांत जास्त त्रास देतो. चढताना घाम लवकर सुकणारा कपडा घाला आणि वर पोचल्यावर पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा शर्ट चढवा. अर्ध्या बाह्या, अर्धी चड्डी आणि टोपी घालून कुठल्याच झोंगमध्ये किंवा मठात जाता येत नाही.

आत पाऊण तास तरी थांबा. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथं आले आणि गुहेत ध्यानाला बसले, अशी श्रद्धा आहे. १६९२ मध्ये त्या गुहेभोवती मंदिर उभं राहिलं. १९९८ च्या आगीत बराच भाग जळाला आणि तो पुन्हा जसाच्या तसा बांधून काढला. दगड, लाकूड सगळं त्या कड्यावर चढवावं लागलं, हे पायऱ्या उतरताना आठवलं की भिंतींकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

उतरायला दोन तास. सगळं मिळून साडेपाच ते सहा तास धरा. तरुण मुलं चार तासांत करतात, पण त्यांच्याशी शर्यत लावू नका.

आई शुद्ध शाकाहारी. तिथं सगळ्यात मांस असतं का? सोबत काय न्यावं? (लक्ष्मीनगर)

भूतानमध्ये शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. रोजच्या जेवणात लाल भात आणि 'दात्शी', म्हणजे चीजमध्ये शिजवलेली भाजी असते. बटाट्याची केवा दात्शी, अळंबीची शामू दात्शी, आणि सर्वांत प्रसिद्ध मिरचीची एमा दात्शी. फक्त काही घरांत आणि हॉटेलांत दात्शीत वाळवलेल्या मांसाचे तुकडे टाकतात, म्हणून प्रत्येक वेळी आधी सांगा. 'मांस नको' एवढं पुरत नाही, 'त्याचं पाणीही नको' असं सांगा, कारण सूप बहुतेक वेळा हाडांचं असतं.

एमा दात्शीत मिरची मसाला म्हणून नसते, तीच भाजी असते. सावजीचा झणका तेलातून आणि वाटणातून येतो. इथं तेल जवळजवळ नाही, तिखटपणा मिरचीचा स्वतःचा. भिवापुरी मिरचीवर वाढलेल्या जिभेलाही तो वेगळा लागतो. आईंना आधी घरी चव दाखवा: पाव किलो कमी तिखट, जाड हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, बिया काढून, एक कांदा, एक टोमॅटो, चार लसूण पाकळ्या, दीड कप पाणी, एक चमचा लोणी आणि मीठ. झाकून दहा मिनिटं उकळा. मग शंभर ग्रॅम किसलेलं प्रोसेस्ड चीज आणि थोडं कुस्करलेलं पनीर वरून पसरा, आच मंद करा, तीन मिनिटं झाका आणि शेवटी एकदाच हलवा. चीज टाकून जोरात उकळलं की ते फाटतं आणि रवाळ होतं. कांदा-लसूण चालत नसेल तर दोन्ही वगळूनही चव बरी येते. भूतानी चीज ताकापासून घरी करतात, त्याची आंबूस चव मात्र इथं येणार नाही.

सोबत मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, तिळाची चटणी, दशम्या आणि हवाबंद संत्रा बर्फी. कच्ची डाळ-तांदूळ आणि छोटा कुकर नेण्याचा मोह टाळा. थिंफूच्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं, साध्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. गरम पाणी ओतून होणारे पोहे आणि उपमा पुरे.

आम्ही दरवर्षी दीक्षाभूमीला जातो. मुलांना एक बौद्ध देश दाखवायचा आहे. पण तिथल्या विहारांत उग्र मूर्ती असतात असं ऐकलं. मुलांना काय आणि कसं सांगावं? (इंदोरा)

हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण आधी समजून घेतलं नाही तर मुलं गोंधळतात आणि मोठे अस्वस्थ होतात.

भूतानचा बौद्ध धर्म वज्रयान परंपरेचा. मंदिराला तिथं ल्हाखांग म्हणतात, स्तूपाला चोर्तेन. बहुतेक ल्हाखांगमध्ये तीन मूर्ती ओळखता येतात: शाक्यमुनी बुद्ध, मिशी असलेले गुरू पद्मसंभव, आणि लांब दाढीचे झाबद्रुंग न्गावांग नामग्याल. हे झाबद्रुंग म्हणजे सतराव्या शतकात देश एक करणारे धर्मगुरू. पुनाखाचा झोंग त्यांनीच १६३७-३८ मध्ये दोन नद्यांच्या संगमावर बांधला. कवट्यांच्या माळा घातलेली, ज्वाळांनी वेढलेली रूपं धर्माचं रक्षण करणाऱ्यांची मानतात. त्यांचा क्रोध अज्ञानावर आणि अहंकारावर आहे, असं तिथले भिक्खू सांगतात.

मुलांना सर्वांत जास्त गुंतवतं ते दाराजवळच्या भिंतीवरचं भवचक्र. चित्राच्या मध्यभागी डुक्कर, साप आणि कोंबडा एकमेकांच्या शेपट्या धरून फिरत असतात: मोह, द्वेष आणि लोभ. सर्वांत बाहेरच्या कड्यात बारा छोटी चित्रं असतात: आंधळा माणूस, कुंभार, माकड, नाव, रिकामं घर आणि पुढची. हा प्रतीत्यसमुत्पाद आहे, घरात किंवा विहारात ऐकलेले तेच बारा दुवे, अविद्येपासून जरा-मरणापर्यंत. कुठलं चित्र कुठल्या दुव्याचं, हे मुलांना शोधायला लावा. अर्धा तास कसा गेला कळणार नाही. शेजारी हत्ती, माकड, ससा आणि पक्षी एकावर एक उभे असलेलं चार मित्रांचं चित्रही जवळपास प्रत्येक झोंगमध्ये सापडतं.

रीत सोपी आहे. चोर्तेन आणि प्रार्थनाचक्रं उजव्या हाताला ठेवून, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायचं. ल्हाखांगच्या आत फोटो काढायचे नाहीत. भिक्खूंनी पवित्र पाणी दिलं तर उजव्या ओंजळीत घेऊन घोटभर प्यायचं, उरलेलं डोक्यावर फिरवायचं. नको असेल तर हात जोडून मान हलवली तरी चालतं. साष्टांग नमस्कार घालण्याची सक्ती कुणी करत नाही. शांतपणे उभं राहून मनात त्रिसरण म्हटलं तर कुणाला खटकणार नाही.

निघण्याआधी एक रविवार गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला द्या. तिथं नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. प्रार्थनाचक्रं, थांका (कापडावरची धर्मचित्रं), लोण्याचे दिवे हे सगळं आधी जवळून पाहिलं की पारोत मुलांना परकं वाटत नाही.

एक सूचना. पुनाखाजवळचं छिमी ल्हाखांग भातशेतीतून वीस-पंचवीस मिनिटांच्या सुंदर वाटेवर आहे. पण वाटेतल्या गावात घरांच्या भिंतींवर मोठी लिंगचित्रं असतात. वाईट नजर लागू नये म्हणून ती काढतात. वाढत्या वयाच्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

आम्ही दोघी बहिणी, २६ आणि २९. कळसूबाई आणि पचमढी केलं आहे. तंबूतला खरा ट्रेक करायचा आहे, पण घाई नको. ड्रुक पाथ कसा वाटतो? (नंदनवन)

ड्रुक पाथ पारोहून थिंफूपर्यंत, चार ते सहा दिवसांचा. सामान खेचरं वाहतात, सोबत गाईड आणि स्वयंपाकी असतात, म्हणून तो सोपा म्हणून विकला जातो. वाट खरोखर अवघड नाही. अवघड आहे ती उंची. कळसूबाई १,६४६ मीटर. या वाटेवर पहिलीच रात्र साडेतीन हजार मीटरच्या आसपास पडते आणि पुढे ४,२०० मीटरपर्यंत चढावं लागतं. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो.

म्हणून तुमच्यासाठी क्रम उलटा. वरच्या वाचकांना आम्ही ताक्त्सांग शेवटी ठेवायला सांगितलं, तुम्ही ते ट्रेकच्या आदल्या दिवशी करा. निदान तीन रात्री पारो-थिंफूत झोपा, एका दिवशी ताक्त्सांगपर्यंत चढून खाली उतरा, आणि मगच निघा. चार दिवसांचा नाही, सहा दिवसांचा कार्यक्रम घ्या. जिमिलांग त्सो तळ्याजवळ एक दिवस नुसतं थांबता आलं तर उत्तमच.

अॅसिटाझोलामाइड ही गोळी उंचीचा त्रास टाळायला देतात, सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवी होणं हे तिचे नेहमीचे परिणाम, घाबरू नका. पण गोळी घेतली म्हणून भराभर चढायची मुभा मिळत नाही. डोकं दुखतंय आणि जेवण नको वाटतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जातोय, बोलणं असंबद्ध होतंय किंवा बसल्या जागी धाप लागतेय, तर रात्र असली तरी खालीच उतरायचं. सकाळची वाट पाहणं जिवावर बेततं.

तंबूचा हट्ट नसेल तर आमची पसंती वेगळी आहे. भूतानमध्ये १९६० नंतर मोटाररस्ते झाले आणि टपालवाहू, व्यापारी, यात्रेकरू यांची जुनी पायवाट रानात हरवली. ती दुरुस्त करून २०२२ मध्ये पुन्हा खुली केली. पश्चिमेच्या 'हा' नावाच्या गावापासून पूर्वेच्या त्राशीगांगपर्यंत ४०३ किलोमीटर. सगळी चालायची गरज नाही. दोचुला खिंडीतल्या १०८ चोर्तेनपासून पुनाखाच्या बाजूला उतरणारा टप्पा दिवसाभराचा आहे. वर गार रान, खाली भातखाचरं, मध्ये शेतकऱ्यांची घरं, आणि रात्री तुम्ही सकाळपेक्षा खाली झोपता. दोनतीन दिवस असे टप्पे चालून संध्याकाळी शेतघरात मुक्काम केला, तर लोकांशी बोलणं होतं. तंबूत ते होत नाही.

थोडक्यात

*पैसे:* न्गुलत्रुम आणि रुपया समान किमतीचे, भारतीय नोटा बहुतेक ठिकाणी चालतात. शंभर आणि पन्नासच्या नोटा जास्त ठेवा. परतताना उरलेले न्गुलत्रुम फुन्शोलिंगमध्येच खर्च करा, नागपुरात ते कुणी घेत नाही.

*घड्याळ:* तिथली वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. सीमेवर आणि विमानतळावर याच अर्ध्या तासानं घात होतो.

*गाडी लागणं:* गोळी निघण्याआधी तासभर घ्या, वळणं सुरू झाल्यावर नाही. पुढच्या सीटवर बसा, मोबाईल बघू नका, रिकाम्या पोटी निघू नका.

*पावसाळा:* जून ते ऑगस्ट टाळा. फुन्शोलिंगच्या घाटात दरडी कोसळतात आणि रानवाटांवर जळवा असतात.

*त्सेचू:* मुखवट्यांच्या नाचांचे हे उत्सव चांद्र तिथीनं ठरतात. पारोचा वसंतात, थिंफूचा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. पारोत शेवटच्या दिवशी पहाटे भलं मोठं रेशमी थोंगद्रेल, म्हणजे धर्मचित्राचा पट, उलगडतात आणि ऊन पडण्याआधी गुंडाळतात. त्यासाठी तीनला उठायची तयारी ठेवा, गरम कपडे घाला, आणि हॉटेल कित्येक महिने आधी पक्कं करा.